साहेब काही भिजला नाही

आमच्या मेंबरसाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभ्या कारकिर्दीत एकच वाक्य उच्चारलं. "तेवढी खिडकी लावून घेता का?" हे ते वाक्य. तेही शेजारच्या सभासदाला उद्देशून, आणि त्या गृहस्थाला कमी ऐकू येत असल्यामुळे खिडकी उघडीच राहिली. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. पण स्वतः मेंबरसाहेबांनीच मला सांगितलं, ओटीवर बसून फणसाचे गरे खाता खाता, आणि वर म्हणाले, "वातावरण नव्हतं रे. भाषणाला वातावरण लागतं."

मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रत्नागिरीला घरी आलो होतो. आमच्या वडिलांना धडधाकट माणूस लोळताना बघवत नसे. आंबे खाऊन मी दुपारचा जरा आडवा झालो की त्यांच्या पोटात दुखायचं. एक दिवस म्हणाले, "मेंबरांकडे जा. त्यांच्या हापिसात लिहायला-वाचायला माणूस हवाय. राज्यकारभार कसा चालतो ते तरी कळेल." ते मला त्या सुट्टीत चांगलंच कळलं. सरकारी नोकरीचा विचार मी तेव्हाच सोडला आणि पुढे मुकाट्याने शाळामास्तर झालो.

हापिस म्हणजे मेंबरसाहेबांच्या घराची ओटी. तिथे एक टेबल, आणि टेबलामागे स्वतः मेंबरसाहेब. कमरेच्या वर ते संपूर्ण कौन्सिल होते. बंद गळ्याचा काळा कोट, गळ्यात उपरणं, डोक्याला जरीकाठी पागोटं. कमरेखाली मात्र पंचा. रत्नागिरीचा मे महिना अंगावर घेऊन विजार कोण घालणार? टेबलाला पुढच्या बाजूने त्यांनी सुताराकडून फळी मारून घेतली होती, त्यामुळे समोरच्याला काही दिसत नसे. फक्त त्यांना कुणासाठी उठून उभं राहता येत नसे. एकदा नवे मामलेदार भेटायला आले, तरी हे बसूनच. मामलेदारांना वाटलं, हा माणूस माझ्यासाठी उठतसुद्धा नाही म्हणजे याचा वशिला थेट लाटसाहेबापर्यंत असणार. पुढे बाजारात दिसले की मामलेदारच आधी वाकून नमस्कार करायचे.

कुणी काही विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे. "बाब विचाराधीन आहे." गाऱ्हाणं घेऊन आलेला शेतकरी असो, भाडं मागणारा गाडीवान असो, नाहीतर दारातला गोसावी असो, सगळ्यांच्या बाबी विचाराधीन. न्हाव्याने एकदा एक गाल घोटला आणि विचारलं, "मिशी बारीक करू का?" झालं, बाब विचाराधीन. न्हावी बिचारा वस्तरा धरून उभा राहिला आणि शेवटी दुसरीकडे जायचं होतं म्हणून निघून गेला. मेंबरसाहेब संध्याकाळपर्यंत एकच गाल घोटलेल्या अवस्थेत राज्यकारभार बघत होते.

घरातसुद्धा कौन्सिलचे नियम लागू होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, आमटीत चिंच घालू की कोकम?"

"प्रश्नाची पूर्वसूचना हवी."

"काल दिली की. तुम्ही घोरत होतात."

"मग उत्तर यथावकाश देण्यात येईल."

"द्या यथावकाश. मी कोकम घालत्ये."

काकूंचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. पण त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे तिथल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

आता एवढा हा सरळ माणूस कौन्सिलात गेलाच कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. वकिली बरी चालत होती, कलमी बाग होती, देशसेवेची खाज म्हणावी तर तीही नव्हती. ते गेले ते काकूंमुळे.

काकूंचं माहेर जयगडच्या बाजूला, खाडीच्या काठी. तिथे आगबोट खोल पाण्यात लांब उभी राहायची. तिच्यातून उतारू होडीत उतरायचे, आणि होडी उथळ पाण्यात टेकली की खलाशी उतारूंना उचलून किनाऱ्यावर नेऊन ठेवायचे. दोघांनी हाताला हात गुंफून बैठक करायची आणि त्यावर माणूस बसवायचा. मुंबईहून गणपतीला येणारा चाकरमानी असाच उतरायचा आणि बाळंतपणाला आलेली लेकही अशीच. तर एका दिवाळीला काकू माहेरी निघाल्या. अंगाने भरलेल्या, नेसू पैठणी, नाकात नथ, मांडीवर अनारशांचा डबा. अर्ध्या वाटेत खलाशाचा पाय शेवाळावरून सरकला आणि काकू गळ्यापर्यंत खाडीत. अनारसे लाटांवर तरंगत आधी माहेरी पोचले. बंदरावर दिवाळीची गर्दी होती, ती सगळी हसली. मागच्या होडीत मेंबरसाहेब होते. तेही हसले.

गर्दीचं हसणं काकूंनी केव्हाच माफ केलं. नवऱ्याचं नाही केलं. ओल्या लुगड्याने किनाऱ्यावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "इथे धक्का होईल त्या दिवशी मी माहेरी येईन. आणि तो तुम्ही करून घ्यायचा." काकूंच्या आईने हात जोडले, भटजींनी शास्त्र काढलं, पण काकू बधल्या नाहीत. दिवाळी करून परत आल्या त्या पुन्हा गेल्याच नाहीत. आई म्हातारी, गुडघ्यांनी अधू. ती इकडे येऊ शकत नव्हती आणि ही तिकडे जात नव्हती. म्हणून हा गृहस्थ निवडणुकीला उभा राहिला. लोकांनी काय काय कारणांनी राज्यं मिळवली आणि घालवली ते आम्ही इतिहासात वाचतो, पण बायको पाण्यात पडताना हसल्यामुळे मेंबर झालेला माणूस मी एकच पाहिला.

भाषण मात्र त्यांनी केलं होतं तयार, आणि काय भाषण होतं! रोज संध्याकाळी ओटीवर कौन्सिल भरायचं. अध्यक्षस्थानी झोपाळ्यावर काकू, मांडीवर तांदूळ निवडायचं सूप. सरकारपक्ष म्हणजे मी. त्यामुळे त्या घरात माझं नावच 'सरकार' पडलं होतं. "सरकार, जरा विहिरीवरून कळशी आणा," असं काकू म्हणायच्या, आणि सरकार निघायचं. मेंबरसाहेब टेबलामागून बाहेर यायचे, पंचा सावरायचे आणि बोलायला लागायचे. "अध्यक्ष महाराज, जे सरकार साऱ्या समुद्रावर आपलं राज्य आहे असं मोठ्या दिमाखानं सांगतं, त्या सरकारला समुद्रातून चार पावलं जमिनीवर येण्याची सोय करता येऊ नये?" गडग्यापलीकडून शेजारी ऐकायचे. भाजीवाली पाटी उतरवून थांबायची. मी उठून म्हणायचं, "सरकारकडे निधी नाही," की ते पुन्हा पेटायचे.

एकदा त्यांचं बोलणं ऐकून मलाच भडभडून आलं. मी उठलो आणि म्हणालो, "सरकारला ही मागणी मान्य आहे."

मेंबरसाहेब संतापले. "अरे मेल्या, सरकार आहेस की धर्मशाळा? मागितल्याबरोबर देणारं सरकार बघितलंयस कुठे? बस खाली आणि नीट नाकार."

"दिलंन ना त्याने?" काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "मग घ्या की गुमान."

हाच माणूस मुंबईत गेला की मुका. नाव पुकारलं की उठायचा, घसा खाकरायचा आणि खाली बसायचा. वातावरण नव्हतं, हवा दमट होती, समोरचा सभासद जांभया देत होता, अशी कारणं बरीच होती. एका दुपारी मात्र दौतीत टाक बुडवून तसाच धरून म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मान वर करून बघतो तर अध्यक्षांच्या जागी ही नसते. मग मी कुणाला सांगू?" खरं सांगतो, त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

मुदत संपत आली होती. सासूबाईंची, म्हणजे काकूंच्या आईची, दृष्टी जात चालली होती, तसे निरोप तिकडून यायचे. काकू निरोप ऐकायच्या, आत जायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. तेव्हा मेंबरसाहेबांच्या डोक्यात एक विचार आला. बोलता येत नाही ना, मग दाखवू. बंदर खात्याचा मोठा गोरा साहेब पाहणीसाठी रत्नागिरीला यायचा होता. त्याला विनंती करायची की सरकारी होडी राहू द्या, साध्या उतारूसारखे आगबोटीने या आणि काकूंच्या माहेरी उतरा. उतरताना त्याला पाण्यात पाडायचा. "एकदा खाडीचं पाणी नाकात गेलं," मेंबरसाहेब म्हणाले, "की दुसऱ्या दिवशी धक्क्याचा दगड येऊन पडतो की नाही बघ."

साहेब कबूल झाला. तो यायच्या आधी आम्ही रंगीत तालीम करायला काकूंच्या माहेरी गेलो. साहेबाचं काम अर्थात माझ्याकडे. तिथल्या होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, काळाकभिन्न आणि अतिशय गोड माणूस होता. त्याला सगळं समजावलं. पहिल्यांदा त्यांनी मला उचललं आणि गुडघाभर पाण्यात अलगद ठेवलं. मेंबरसाहेब किनाऱ्यावरून ओरडले, "ठेवू नका, पाडा!" दुसऱ्यांदा पाडलं, पण मुद्दाम पाडलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग मात्र तांडेलाला त्यातली गोडी लागली. पाय सरकल्यासारखा करायचा, "अरे अरे" म्हणायचं आणि हात सोडायचे. मी तोंडावर पडलो, पाठीवर पडलो, छत्रीसकट पडलो. शेवटी शेवटी गावातली पोरंटोरं बघायला जमली आणि मला पाडण्यासाठी खलाशांत भांडणं लागली.

संध्याकाळी सासूबाईंनी माझे कपडे वाळत घातले आणि मला कढत पेज वाढली. फार बारीक झाल्या होत्या. मेंबरसाहेब दारातून आत आले तेव्हा त्या त्यांच्या मागे बघत राहिल्या होत्या, आणखी कुणी येतंय का म्हणून. मला म्हणाल्या, "माणसाचं तोंड आता दिसत नाही रे मला. आवाजावरून ओळखत्ये. तिला म्हणावं, तोही विसरायच्या आत ये." हा निरोप मी परतल्यावर काकूंना सांगितला. त्या चुलीत फुंकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ठरल्या दिवशी साहेब रत्नागिरीला आगबोटीत चढला. उंच, लाल, पांढऱ्याशुभ्र पोशाखात, बूट असे चकचकीत की त्यात माझं तोंड दिसत होतं. आम्ही दोघे बरोबर होतोच. मेंबरसाहेबांनी त्या दिवशी विजार घातली होती, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. ओहोटीची वेळ बघून ठेवलेली. समुद्र जरा खवळलेला. सगळं कसं मनासारखं जुळून आलं होतं.

होडी किनाऱ्याकडे वळली आणि मेंबरसाहेबांचा चेहरा पडला. बंदरावर आंब्याच्या पानांची तोरणं लागली होती. बायका ओवाळायला तबकं घेऊन उभ्या होत्या. आणि उथळ पाण्यात आठ खलाशी नवी धोतरं नेसून, शाळेतल्या मास्तरांची हातांची खुर्ची दोन बांबूंना बांधून, खांद्यावर घेऊन उभे होते. खुर्चीवर गादी, गादीवर पासोडी. तांडेलाने साहेबाला फुलासारखा उचलला आणि खुर्चीत बसवला. खुर्ची निघाली. पुढे एक खलाशी पायाने तळ चाचपत, शेवाळं बाजूला करत चालला होता.

"पाडा," मेंबरसाहेब दातांतून म्हणाले. कुणी बघेना. "पाडा रे, पाडा!"

साहेबाने खुर्चीतून मागे वळून मला इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ काय म्हणताहेत? मी म्हणालो, प्रार्थना म्हणताहेत. साहेबाने आदराने टोपी काढली.

आता मेंबरसाहेबांना राहवेना. साहेब नाही तर निदान मी, असं ठरवून त्यांनी पागोट्यासकट होडीच्या काठावरून पाण्यात उडी घेतली. पण गावचा जावई तो! दोन खलाशांनी त्यांना वरच्या वर झेलला. "सांभालून, भावोजी," म्हणत नेऊन वाळूवर ठेवला. एक थेंब उडाला नाही अंगावर. साहेबाने टाळ्या वाजवल्या. आता सगळी भिस्त माझ्यावर. मी डोळे मिटले आणि धाडकन पाण्यात पडलो. मला कुणी झेललं नाही. तालमीपासून त्यांची मला पाडायची सवय तशीच राहिली असावी. मी पाणी ओकत वर आलो तेव्हा साहेब कौतुकाने म्हणत होता, इकडच्या तरुणांना पोहण्याची भारी हौस दिसते.

साहेब शहाळं प्यायला, ओवाळून घेतलं, आणि त्याच खुर्चीतून कोरडाठाक परत गेला. त्याचा अहवाल यथावकाश आला. या बंदरावर उतारूंची ने-आण इतकी सुरक्षित व सुखकर आहे की धक्क्याची मुळीच गरज दिसत नाही, इतर बंदरांनी यांचा कित्ता गिरवावा.

मेंबरसाहेबांनी तांडेलाला रत्नागिरीला बोलावून घेतला. तो ओटीच्या पायरीवर टोपी हातात धरून बसला. "शिकवलात तसाच करनार होतो, भाऊसाह्यब. पन त्यान माजा हात धरलान नि थँक्यू म्हनाला. आता थँक्यू म्हननाऱ्या पावन्याला पान्यात कसा टाकायचा? आमच्याच्यान नाय झाला."

"आणि तोरणं? ती कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"पावना येनार म्हटल्यावर तोरना नकोत? गावाची लाज हाय का नाय?"

मेंबरसाहेबांनी अहवालाची घडी घातली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सरकार, आत जाऊन सांगा तिला. धक्का होत नाही. ही बातमी सरकारनेच द्यायची असते."

द्यायची गरज पडली नाही. काकू दारातच उभ्या होत्या. अहवाल ऐकला होता, तांडेलाचं बोलणंही ऐकलं होतं. त्या पुढे आल्या आणि तांडेलाला म्हणाल्या, "म्हणजे माणूस कोरडा नेता येतो तुम्हाला."

"येतो की."

"मग मला रे का पाडलात?"

तांडेल खाली बघायला लागला. "तवा खुर्ची नव्हती, ताय."

"इतकी वर्षं बांबूला एक खुर्ची बांधायचं सुचलं नाही कुणाला?"

"मागितलान नाय कोनी," तांडेल म्हणाला. "सगली धक्काच मागत व्हती."

काकू झोपाळ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "येत्या आगबोटीला मी येत्ये. खुर्ची तयार ठेव."

मेंबरसाहेब ताडकन उठले. पंच्याचंही भान राहिलं नाही त्यांना. "असं कसं? धक्का झालेला नाही. तुझा ठराव कायम आहे."

"ठराव माझा. मी मागे घेत्ये."

"मग मी मेंबर कशाला झालो?" आवाज रडकुंडीला आला होता. "एवढी वर्षं मी काय केलं?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या मायेने बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी मला धक्का मागितलात. नवरा बायकोसाठी एवढं बोलतो कुठे?"

मिरगाचा पाऊस लागण्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने आम्ही गेलो. काकू खुर्चीत बसल्या. मेंबरसाहेबांनी मात्र कुणाला उचलू दिलं नाही. खुर्चीच्या हाताला धरून ते पाण्यातून चालत निघाले, छातीपर्यंत भिजून, आणि दर पावलाला खलाशांना सांगत होते, "जपून रे, जपून." खुर्ची आठ जण वाहत होते, पण दमले होते हेच.

सासूबाईंना दोघी सुनांनी धरून पाण्याच्या कडेपर्यंत आणलं होतं. काकू खुर्चीतून उतरल्या. "आई," एवढंच म्हणाल्या. म्हातारीने आधी तिचा आवाज आला त्या बाजूला हात पुढे केला, मग खाली वाकून लुगड्याचा काठ धरला आणि दोन्ही हातांनी चाचपला. कोरडा होता. तो काठ तिने मग सोडलाच नाही.

मेंबरसाहेब ओलेचिंब, उपरण्यातून पाणी गळतंय, पुढे झाले आणि वाकून नमस्कार करत म्हणाले, "आई, पुन्हा निवडून आलो तर येत्या अधिवेशनात मी धक्क्यावर नक्की बोलतो. धक्का झाल्याशिवाय—"

"होऊ दे सावकाश, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "सरकारला घाई नाही. मला होती."